बालीहून कॉफी आणायची तर बागेतून, रोस्टरीतून की बाजारातून?

मुंबईहून बालीला जाणाऱ्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो: तनाह लोट, उबुडची माकडं, नुसा पेनिडा, किंतामणीचा ज्वालामुखी. खरेदीच्या यादीत सगळ्यात शेवटी 'कॉफी' असते. मग गाडी जिथे थांबेल तिथे ती घेतली जाते आणि घरी आल्यावर पाकीट सहा महिने फळीवर पडून राहतं. दर वेळी कॉफीच वाईट असते असं नाही. बहुतेकदा ती आपल्या घरच्या कॉफीच्या पद्धतीत बसत नाही, एवढंच. म्हणून कुठल्या दुकानातून घ्यायची हे नंतर बघू. आधी सांगा, तुमच्याकडे कॉफी होते कशी? पातेल्यात दूध-साखर-जायफळ घालून? माटुंग्याची पूड आणून स्टीलच्या फिल्टरमध्ये? की फ्रेंच प्रेसमध्ये, बिनदुधाची?

बालीत दोन प्रकारची कॉफी पिकते, आणि तिथला विक्रेता हा फरक आपणहून क्वचितच सांगतो.

पहिली किंतामणीची अरेबिका. बातुर ज्वालामुखीच्या परिसरात, हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर, राखेच्या काळ्या जमिनीत ती होते. कॉफीच्या ओळींमध्ये संत्र्याच्या जातीची झाडं लावलेली दिसतात. त्यांची थोडी सावली कॉफीला मिळते आणि शेतकऱ्याला दुसरं उत्पन्न. भातखाचरांच्या पाणीवाटपासाठी बालीत सुबाक नावाच्या शेतकऱ्यांच्या संस्था आहेत. त्याच धर्तीवर बागायतदारांचे गट आहेत, त्यांना 'सुबाक अबियान' म्हणतात. पिकलेली लाल फळं वेचून, पाण्याने धुऊन कॉफी तयार करण्याची शिस्त या गटांनी सांभाळली आणि २००८ मध्ये किंतामणी अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. इंडोनेशियातलं ते पहिलं. ही कॉफी हलकी, स्वच्छ, मोसंबीसारख्या आंबटपणाची असते. मात्र दुधात ती हरवते.

दुसरी रोबस्टा. तबानान भागातल्या पुपुआनच्या डोंगरात ती भरपूर पिकते. कडक, कडवट, अंगाने जाड. बालीतला सामान्य माणूस सकाळी पितो ती प्रामुख्याने हीच, बारीक पूड करून.

वाटेवरची बाग

उबुडहून किंतामणीला जाताना तेगलालांगच्या पुढे 'अ‍ॅग्रो टुरिझम' लिहिलेल्या पाट्या लागतात. ड्रायव्हर स्वतःहूनच गाडी वळवतो. आत दहा पावलांवर चार कॉफीची झाडं, एक कोकोचं, थोडी व्हॅनिला. पुढे एक बाई लोखंडी कढईत चुलीवर बिया परतत असते. मग दरीकडे तोंड केलेल्या बाकावर बसवून लाकडी तबकात डझनभर छोटे पेले समोर येतात: गवती चहा, आल्याचा चहा, मँगोस्टीनचा चहा, नारळाची कॉफी, व्हॅनिला कॉफी. चव घ्यायला पैसे नाहीत. शेवटी दुकान.

तास मजेत जातो, मुलं खूश होतात, फोटो छान येतात. एवढ्यासाठी जरूर जा. खरेदीसाठी मात्र ही जागा माझ्या यादीत खालीच आहे. तबकातले बरेचसे चहा आणि चवींच्या कॉफ्या म्हणजे साखर मिसळलेली तयार पूड असते, आणि ती कुठल्याही बागेतून येत नाही. साध्या काळ्या कॉफीच्या पाकिटावर गावाचं नाव शोधलं तर सापडत नाही, भाजल्याची तारीख तर त्याहून नाही. किमतीत ड्रायव्हरचं कमिशन धरलेलं असतं. त्यात त्याचा दोष नाही, तो धंदा तसाच चालतो, पण ते पैसे तुमच्या खिशातून जातात.

'लानांग' नावाची कॉफीही इथे दाखवतील. फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा धरतो ती, म्हणजे आपल्याकडची पीबेरी. पुरुषांच्या ताकदीबद्दलची माहितीही हळू आवाजात दिली जाईल. दाणा चांगला असेल तर घ्या. औषध म्हणून घेऊ नका.

लुवाक: घेऊ नका

बाली म्हटलं की मुंबईत पहिला प्रश्न हाच येतो. 'ती मांजराची कॉफी आणली का?' लुवाक म्हणजे उदमांजर, कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात तेच. रात्री माळ्यावर धुडगूस घालणारं, ताडीची मडकी रिकामी करणारं. रानात ते पिकलेली कॉफीची फळं निवडून खातं, बिया पोटातून तशाच बाहेर पडतात, त्या गोळा करून धुऊन भाजायच्या. कल्पनेत हे सगळं ठीक आहे.

प्रत्यक्षात मागणी इतकी वाढली की रानात शोधत बसण्यापेक्षा प्राणी पिंजऱ्यात ठेवणं सोपं झालं. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या वन्यजीव संशोधकांनी वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन या संस्थेबरोबर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी बालीतल्याच १६ बागांमधली जवळपास ५० उदमांजरं पाहिली. तारेच्या जाळीची जमीन, कमी जागा, अस्वच्छता, आणि खायला गरजेपेक्षा जास्त कॉफी. १९९१ मध्ये टोनी वाइल्ड या ब्रिटिश व्यापाऱ्याने ही कॉफी पाश्चात्त्य बाजारात नेली होती. पुढे त्यानेच तिच्याविरुद्ध मोहीम उघडली.

'आमची रानातली आहे' असं प्रत्येक दुकानदार सांगतो. ते तपासायचा कुठलाही मार्ग तुमच्या-माझ्याकडे नाही. खरी लुवाक आहे की साधी कॉफी लुवाकच्या डब्यात भरली आहे, हेही घोट घेऊन कळत नाही. पिंजऱ्यातला प्राणी निवडून खात नाही, समोर टाकलेलं खातो, म्हणजे चवीमागचं मूळ कारणच उरलं नाही. कपाला साधारण ५० हजार रुपिया, आपले अडीचशेच्या वर; शंभर ग्रॅमच्या डब्याला त्याच्या कितीतरी पट. आणि एकादशीला फक्त कॉफीवर राहणाऱ्या मावशीला हा डबा देणार असाल, तर ही कॉफी कुठून बाहेर आली ते आधी सांगणार की नंतर, हेही ठरवून ठेवा.

रोस्टरी

बिनदुधाची कॉफी पिणारं घरात एकजण जरी असलं तरी माझं मत इथे. उबुड, चांगू, देनपसारमध्ये स्वतः कॉफी भाजणारे कॅफे आहेत. उबुडमध्ये जालान श्रीवेदारीवरचं सेनिमान त्यातलं जुनं आणि चालत जाण्यासारखं. अशा ठिकाणी पाकिटावर गाव किंवा भाग लिहिलेला असतो (चातुर, उलियान, बेलांतिह ही किंतामणीतली गावं), उंची असते, धुतलेली की फळासकट वाळवलेली हे असतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाजल्याची तारीख असते. २०० ग्रॅमला साधारण १ ते १.५ लाख रुपिया पडतात, म्हणजे पाचशे ते आठशे रुपये. महाग वाटेल, पण चिकमगळूरची नावाजलेली कॉफी मुंबईत मागवली तरी बिल याच पट्ट्यात जातं.

आता प्रश्न येतो: चिकमगळूरची कॉफी भाजल्यावर दोन-चार दिवसांत दादरला दारात येत असताना बालीहून का वाहून आणायची? ताजेपणासाठी नाहीच, चवीसाठी. आपल्याकडची बरीच अरेबिका चॉकलेट, सुकामेवा, मसाला अशा बाजूने जाते. किंतामणीचा मोसंबीपणा वेगळा आहे आणि तो दोन-तीन आठवड्यांपूर्वी भाजलेल्या दाण्यातच नीट लागतो. म्हणून सुटीच्या शेवटच्या दोन दिवसांत घ्या, अख्खे दाणे घ्या, आणि तारीख महिन्यापेक्षा जुनी असेल तर सोडा. शिळी किंतामणी आणण्यापेक्षा ताजी चिकमगळूर बरी.

हंगामाचंही एक आहे. तिकडे अरेबिकाची तोडणी साधारण मे ते सप्टेंबर चालते, त्यानंतर वाळवण, सोलणं, मुरवणं. मे महिन्याच्या सुटीत गेलात तर हातात पडते ती गेल्या वर्षीच्या पिकाची. दिवाळीत जाणाऱ्यांना नव्या पिकाची मिळते.

एक इशारा. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या पुडीत चिकोरी असते, नियमाने ती निम्म्याच्या जवळ, ४९ टक्क्यांपर्यंत चालते. ज्यांची जीभ त्या दाट, काळसर चवीवर वाढली आहे, त्यांना किंतामणी पहिल्या घोटात पाणचट वाटते. बाबांना कौतुकाने पाजायला जाल आणि 'यात कॉफी घातलीयेस ना?' ऐकाल.

बाजारातली पूड

दुधाच्या घरासाठी हीच घ्या, आणि ती स्वस्तही आहे. 'कोपी बुबुक' म्हणजे कॉफीची पूड. देनपसारच्या पासार बादुंग बाजारात आणि गावागावांतल्या वाणसामानाच्या दुकानांत ती मिळते. कुपु-कुपु बोला दुनिया, म्हणजे फुलपाखरू आणि पृथ्वीच्या गोलाचं चित्र असलेली, हे बालीतलं जुनं, घराघरातलं नाव.

तिथे ती तुब्रुक करून पितात: काचेच्या पेल्यात दोन चमचे पूड, साखर, वरून उकळतं पाणी, ढवळायचं आणि थांबायचं. वर तपकिरी फेसाचा थर येतो, चारेक मिनिटांत चोथा खाली बसतो. मग वरचं वर प्यायचं, तळाशी दोन बोटं राहिली की थांबायचं. न थांबणाऱ्याच्या दातांत दुपारपर्यंत कॉफी असते.

ही पूड मैद्याइतकी बारीक असते. स्टीलच्या फिल्टरमध्ये घातलीत तर भोकं बुजतात आणि तासाभराने खाली चार थेंब. फ्रेंच प्रेसच्या जाळीतून गाळ वर येतो. पातेल्यात मात्र ती झकास लागते. पाण्यात एक उकळी, दोन मिनिटं झाकण, मग दूध-साखर, चिमूटभर जायफळ, आणि फडक्यातून गाळायचं. रोबस्टाचा कडवटपणा दुधाला पुरून उरतो. जायफळ तर मुळात इंडोनेशियातल्याच बांदा बेटांचं, त्यामुळे ही जोडी परकी वाटायचं कारण नाही.

सुटी पूड घेताना पाकिटावर 'मुर्नी' म्हणजे शुद्ध लिहिलंय का बघा. 'चांपुरान' किंवा 'जागुंग' दिसलं तर मिसळ आहे. कधी भाजलेला मका, कधी तांदूळ. चव वाईट नसते, पण मग ती कॉफी म्हणून घेऊ नका.

सुपरमार्केट आणि विमानतळ

सुपरमार्केटात दर्शनी फळीवर कापाल आपी असते. लोकप्रिय आहे, चांगली आहे, पण ती जावातल्या सुराबायाची. बालीची म्हणून कुणाला देऊ नका. साखर-क्रीमर मिसळलेले सॅशे ऑफिसात वाटायला सोयीचे. तेवढ्यासाठी ठीक.

विमानतळावरचं दुकान म्हणजे राहिलेल्या रुपियांची सोय. तोच माल शहरापेक्षा महाग, डबा देखणा, भाजल्याची तारीख बहुधा नाही, फक्त 'अमुक तारखेआधी वापरा'. ती तारीख दीड-दोन वर्षं पुढची असते, त्यावरून काहीच कळत नाही.

बालीऐवजी दुसरं बेट असेल तर

श्रीलंकेत १८६९ मध्ये तांबेऱ्याचा रोग आला आणि कॉफीचे मळे पुढच्या काही वर्षांत उद्ध्वस्त झाले; त्या जागी चहा आला. आज तिथे थोडी चांगली अरेबिका पुन्हा होते, पण पैसे चहावर घालवणं शहाणपणाचं. मॉरिशसला शामारेलच्या डोंगरात थोडी कॉफी होते, गंमत म्हणून एक पाकीट पुरे. फुकेतला 'थाई कॉफी' म्हणून मिळते ती बेटावरची नसते, उत्तरेच्या डोंगरातली अरेबिका नाहीतर मुख्य भूमीवरची रोबस्टा असते. मालदीवमध्ये कॉफी पिकत नाही, रिसॉर्टच्या दुकानात कितीही सुंदर डबा असला तरी. हवाईला जाणारे नशीबवान असतील तर 'कोना ब्लेंड' आणि '१०० टक्के कोना' (कोना हा तिथला कॉफीसाठी नावाजलेला भाग) यांतला फरक लक्षात ठेवा. तिथल्या कायद्याने वर्षानुवर्षं फक्त १० टक्के कोना घालून ब्लेंडला ते नाव देता आलं.

आणताना आणि आणल्यावर

भाजलेली कॉफीच आणा. बागेत कुणी हौसेने हिरवे, कच्चे दाणे किंवा रोप देऊ केलं तर हात जोडा. बाहेरून बियाणं आणि रोपं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि प्रमाणपत्र लागतं, आणि श्रीलंकेचे मळे कशाने गेले ते वर आलंच आहे.

रोस्टरीच्या पाकिटाला छोटी गोल झडप असते, ती टेपने बंद करू नका. ताज्या दाण्यातला वायू तिथून बाहेर पडतो. पाकिटं चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा, शक्यतो पांढऱ्या कपड्यांच्या नाही. मुंबईत जून-जुलैत उघडलेली पूड आठवड्याभरात दमट होऊन ढेकळं धरते, त्यामुळे तुब्रुकची पूड छोट्या पाकिटांतच घ्या आणि एका वेळी एकच फोडा. फ्रिजमध्ये ठेवायची घाई नको. दार उघडमीट करताना पाणी धरतं आणि वर कालच्या आमटीचा वास लागतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब, एवढं पुरतं. दळायला ग्राइंडर नसेल तर मिक्सरचं छोटं भांडं चालतं, फक्त सलग फिरवू नका, थांबत थांबत, आणि त्याच भांड्यात सकाळी लसणाची चटणी झाली असेल तर दुसरं भांडं घ्या.