कुडाळच्या काकींची नर्सरी आणि माझं मरायला टेकलेलं ऑर्किड, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

नर्सरीला बोर्ड नाहीये. कुडाळहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की थोडं पुढे एक वाट आत जाते, तिथे घराच्या मागीलदारी हिरवी शेडनेट बांधलेली आहे आणि एक काकी ती एकट्या सांभाळतात. मी गेल्या जुलैमध्ये मालवणहून एसटीने तासभर प्रवास करून तिथे गेले तेव्हा मांडीवर पिशवी आणि पिशवीत माझं फॅलेनोप्सिस (ऑर्किडचाच एक प्रकार) होतं, पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. आता मार्च चालू आहे, म्हणजे आठ महिने झाले, आणि लगेच लिहिण्यापेक्षा एवढं थांबून लिहिलेलं बरं असं मला वाटलं कारण ऑर्किडचं खरं काय ते आठवड्याभरात कळतच नाही.

झाड माझ्या ताईने दिलेलं, घरभरणीला ठाण्याहून मांडीवर घेऊन आली होती ती, पांढरी फुलं आणि मध्ये थोडीशी पिवळी झाक. फेब्रुवारीत आलं, मेच्या मध्यापर्यंत फुलं टिकली. फुलं गळली की रीपॉट करायचं हे मी वाचलं होतं आणि ते बरोबरच आहे, पण मी कशात रीपॉट केलं ते बघा. ऑनलाइन एक रेडीमेड ऑर्किड मिक्स मागवलं (नाव लिहीत नाही), पाकिटावर सालीच्या मोठमोठ्या तुकड्यांचा फोटो, आतमध्ये तीन चतुर्थांश नुसता कोकोपीटचा भुगा आणि वर चार साली. त्यात पॅक करून ठेवलं आणि दहा-बारा दिवसांत पाऊस सुरू झाला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे हवेतच पाणी असतं, पापड वाळत नाहीत, चादरी वाळत नाहीत, मग तो भुगा कुठून वाळणार. कुंडी सिरॅमिकची, खाली एकच भोक.

जुलै उजाडेपर्यंत पानं सुरकुतली. सुरकुतलेलं पान बघून कोणालाही वाटतं की झाडाला पाणी हवंय, मलाही तेच वाटलं आणि मी एक दिवसाआड पाणी घालत राहिले, व्हिडिओत बघून दालचिनीची पूडही टाकली मुळांवर. झाड आणखी खाली बसत गेलं. इथल्या एका नर्सरीत दाखवलं तर त्यांनी ग्रोथ बूस्टरची बाटली दिली, कुंडी उचलूनसुद्धा बघितली नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

काकींनी पिशवीतून झाड काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती दिसांनी पाणी घालतस?" मी म्हटलं एक दिवस सोडून. "पावसात? कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी झाड कुंडीतून उपटून खळ्यात कागदावर ठेवलं आणि बोटांनी भुगा झाडायला लागल्या, आणि मधोमध, खोडाच्या अगदी बुडाशी, लिंबाएवढा शेवाळाचा (स्फॅग्नम मॉस म्हणतात ते) गोळा निघाला. हा गोळा मी घातलेलाच नव्हता. फॅलेनोप्सिसची रोपं लहान असताना शेवाळात वाढवतात आणि तसाच गोळा मध्ये ठेवून मोठ्या कुंडीत बसवतात, विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. काकींनी तो चिमटीत दाबला तर पाणी टपटप गळलं. वास कसा, तर खाडीत भिजत घातलेली नारळाची सोडणं बाहेर काढतात ना, अगदी तसा. "ह्या तहानलेला नाय गो, ह्या बुडलेला आसा," त्या म्हणाल्या. मुळं कुजली की पाणी वर ओढणारं कोणी उरत नाही, म्हणून पाण्यात उभं असूनही पानं तहानलेली दिसतात. मी जेवढं पाणी घालत होते तेवढी मुळं आणखी कुजत होती. हे एवढं साधं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग मुळं एकेक करून बघितली, आणि ह्यात त्यांनी घाई अजिबात केली नाही. चांगलं मूळ बोटाला टणक लागतं, कोरडं असताना चंदेरी आणि पाणी पडलं की हिरवं. सडलेलं मूळ दाबलं की पचकन बसतं आणि वरची साल मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा राहतो. त्यांनी माझ्या हातात एक दिलं आणि ओढायला सांगितलं, साल माझ्या बोटात आली. चौदातली तीन मुळं जिवंत निघाली, तीही पूर्ण नाही. कात्री गॅसवर तापवून घेतली आणि कापताना मूळ जिथपर्यंत पांढरं टणक आहे तिथपर्यंतच ठेवलं. दालचिनीबद्दल त्या स्पष्ट बोलल्या की कापलेल्या टोकाला लागली तर चालेल, पण जिवंत मुळावर टाकली तर ते वाळवते, म्हणजे जी तीन उरली होती त्यांनाही मी त्रासच दिला होता. 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर लिटरला दोन ग्रॅम पाण्यात कालवून त्यात झाड बुडवून काढलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सावलीत उघडं टांगून ठेवलं. हो, उघडं, मातीशिवाय. मला ते बघवत नव्हतं पण ही झाडं मुळात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी आहेत, मुळं हवेतच असतात त्यांची. आपल्याकडे लोक सरळ बांडगूळ म्हणतात पण बांडगूळ झाडाचा रस पितं, आमरी, म्हणजे ऑर्किड, फक्त बसायला जागा घेते. काकींच्या आंब्यावर सीतेची वेणी (आपल्याकडची रानातली आमरी) आहे, कित्येक वर्षांची, ती कोणी कुंडीत घातलीय का, भर पावसात मुळं लोंबत असतात आणि तास-दोन तास ऊन-वारा मिळाला की कोरडी होतात. ती त्या विकत नाहीत, आणि जंगलातून ओरबाडून आणलेली कोणी दारात आणली तर घेत नाहीत. हे मला फार आवडलं.

रात्री मी कुडाळला मावशीकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी झाड बसवायला परत गेले. मातीची छोटी कुंडी, बाजूंनी भोकं असलेली, मुळं मावतील एवढीच, मोठी नाही. खाली फुटक्या कौलाचे तुकडे, मग लाकडी कोळसा, मग सोडणाचे इंचभराचे चौकोनी तुकडे. भुगा नाही, शेवाळ नाही. सोडण आमच्याही घरी ढिगाने पडलेलं असतं, पण खाऱ्या पाण्यात भिजलेल्या सोडणात मीठ असतं आणि नुसत्या सुक्यातही क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्यात भिजवून तीनदा पाणी बदलायचं, पाणी चहासारखं येणं थांबेपर्यंत. हे काम त्यांनी स्वतः केलं नाही, मला करायला लावलं, बाजूला उभ्या राहून. झाड जरा तिरकं बसवलं, का तर पानांच्या मध्ये पाणी साचू नये, तिथे साचलं तर गाभा सडतो आणि मग काही करता येत नाही. मुळं कमी असल्यामुळे झाड हलत होतं म्हणून काथ्याने काडीला बांधलं.

आणि मग पाणी. मी बाटलीत आमच्या विहिरीचं पाणी नेलेलं, कारण फोनवर त्यांनी तेवढंच एक आणायला सांगितलं होतं. त्यांच्याकडे छोटा टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, त्यात ते पाणी ६४० दाखवत होतं आणि त्यांच्या पागोळ्यांखाली भरलेल्या पिंपातलं २२. आमची विहीर समुद्रापासून लांब नाही, मेमध्ये पाणी खाली गेलं की चहालाही चव लागते, जुलैतही ती पूर्ण गोडी होत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसायचा तो मी चुना समजत होते, तो क्षारांचा होता. त्या दिवसापासून पन्हाळीखाली बादली लावते आणि पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून झाकून ठेवते, उन्हाळ्यापर्यंत एका झाडाला पुरतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाचंही ऑर्किड कारण नसताना पानाच्या टोकाकडून काळं पडत असेल तर आधी पाणी तपासा असं मी सांगेन, खत नंतर.

घरी पूर्वेच्या पडवीत वाशाला टांगलं, पाऊस थेट येत नाही पण वारा येतो. पावसात कधी सहा-सात दिवसांनी एकदा पाणी, मूळ चंदेरी दिसलं तरच. पहिले पाच आठवडे काहीच झालं नाही, उलट खालचं एक पान पिवळं होऊन गळलं आणि मी घाबरून व्हॉइस मेसेज पाठवला. त्यांचा उलट मेसेज आला, "खालचा पान जाऊंदे, मधला बघ." गणपतीच्या आदल्या दिवशी, मी पडवी झाडत होते, तेव्हा खोडाला हिरवट टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी आईला हाक मारून दाखवलं. ते मूळ होतं. नवीन मूळ दिसल्यावरच खत सुरू केलं, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं), पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग, पंधरा दिवसांनी एकदा.

खर्च सांगते, कुंडी ९०, सोडण-कोळसा ४०, औषध आणि बसवण्याचे मिळून ५०, एकूण १८० रुपये. त्या रेडीमेड मिक्सच्या पाकिटालाच ३५० गेले होते. ते मिक्स कोरड्या हवेत, पुण्याबिण्याला, कोणाला चालत असेलही, पण पावसाच्या तोंडावर आपल्याकडे त्यात झाड लावू नका, निदान चाळून भुगा काढून टाका. माझ्याकडून त्याला पाचपैकी एक.

काकींच्या नर्सरीत काय आवडलं नाही तेही लिहिते. दुपारी एक ते चार बंद असते आणि हे कुठे लिहिलेलं नाही, पहिल्या दिवशी मी झाड घेऊन तासभर पावसात पडवीबाहेर उभी होते. फोन पटकन उचलत नाहीत. ऑनलाइन पैसे घेत नाहीत. नवीन झाडं घ्यायला जाणार असाल तर बहुतेक डेंड्रोबियमच आहेत, रंगही तीन-चारच, फॅलेनोप्सिस क्वचित. कोळशात बारीक चुरा बराच होता, तो धुवून घ्यावा लागला. आणि पावसात आतली वाट चिखलाची आहे, गाडी रस्त्यावरच ठेवा. आजारी झाड न्यायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा त्या निवांत असतात आणि नीट समजावून सांगतात, मला दीड तास दिला त्यांनी एका झाडासाठी.

आज झाडाला पाच नवीन मुळं आहेत, दोन कुंडीच्या भोकातून बाहेर आलेली, आणि दोन नवीन पानं, त्यातलं दुसरं अजून बोटभरच आहे. फूल नाही. थंडीत रात्री गार झाल्या की दांडा येतो म्हणतात, पण काकींनी डिसेंबरमध्येच सांगितलं होतं की आलाच तर ह्या वर्षी कापून टाक, आधी अंग भरू दे त्याचं. आला नाही, बरंच झालं, मला कापवला नसता. ताईला काल फोटो पाठवला, मुळांचा.