ऑफिस टाकलं आणि लॉगिन बदललं: लोकल खातं ठेवावं की मायक्रोसॉफ्टचं?

संगणकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल) टाकून ईमेल भरला की एक चौकट येते: 'युज धिस अकाउंट एव्हरीव्हेअर ऑन युवर डिव्हाइस'. 'नेक्स्ट'चं बटण ठसठशीत, 'मायक्रोसॉफ्ट ॲप्स ओन्ली' मात्र बारीक अक्षरात. घाईत 'नेक्स्ट' दाबलं जातं आणि पुढच्या वेळी जुना पासवर्ड चालत नाही, पिन मागतो. फाइली जागेवरच असतात, युजर्समधल्या फोल्डरचं नावही तेच राहतं. खातं तेवढं लोकलचं (त्या एका संगणकापुरतं) होतं ते मायक्रोसॉफ्टचं (ईमेलने चालणारं ऑनलाइन) झालेलं असतं. खात्री करायची तर सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फो इथे बघा: नावाखाली 'लोकल अकाउंट' दिसतं की ईमेल.

आता आहे तसं चालू द्यायचं की मागे फिरायचं?

जळगावहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या पोराचा लॅपटॉप असेल तर मायक्रोसॉफ्ट खातं वाईट नाही. पासवर्ड विसरला तर मोबाइलवरून बदलता येतो. लॅपटॉपचं एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणं) चालू असेल तर ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की खात्यात जमा राहते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापुढचे सुरक्षा अपडेट घरगुती संगणकावर घ्यायचे तरी नोंदणीला हेच खातं लागतं. लोकल खात्याचा पासवर्ड विसरला आणि सुरक्षा प्रश्नांची उत्तरंही आठवेनात, तर मग कठीण आहे.

दुकान, पेढी, जिनिंग इथे मात्र गणित वेगळं. वजनकाट्यावरचा संगणक ऑफिसातल्या संगणकाचं शेअर केलेलं फोल्डर उघडतो, पावती तिथे साठवतो. ऑफिसातल्या संगणकाचं खातं बदललं की काट्यावर 'युजर नेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट' येतं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत पावती अडकलेली. ऑपरेटर बिचारा पिन टाकून टाकून थकतो. पिन त्या एका संगणकापुरताच असतो, नेटवर्कवर तो चालतच नाही. तिथे नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड लागतो, म्हणजे मालकाच्या ईमेलचा पासवर्ड काट्यावरच्या माणसाला द्यायचा! आणि तेवढ्यानेही भागत नाही. ऑफिसातल्या संगणकाच्या साइन-इन ऑप्शन्समध्ये 'फक्त विंडोज हॅलो'चं (पिन, बोट किंवा चेहऱ्यानेच आत येण्याचं) बटण चालू असेल तर खरा पासवर्डही बहुधा नाकारला जातो. ते बंद करून, साइन आउट होऊन, एकदा पिनऐवजी पासवर्डने आत यावं लागतं. त्यानंतर काट्यावरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज जतन केलेली नावं-पासवर्ड जिथे ठेवतं तिथून) जुनी नोंद पुसायची. मायक्रोसॉफ्ट खात्याबद्दल माझं मत फिरलं ते या एकाच कटकटीमुळे.

परत येणं अवघड नाही. आधी एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ही पायरी बरेच जण गाळतात. मग युवर इन्फोमध्ये 'साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड'. जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दिला तर इतर संगणकांवरच्या जतन नोंदी बहुतेक वेळा पुन्हा जुळतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं साइन-इन वेगळं असतं, ते तसंच राहू शकतं. वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने) डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या फोल्डरात ओढलेत का तेही तपासा. फुकट जागा ५ जीबीच असते, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तिथे गेला तर त्याचा जुना पत्ता चुकतो.

खातं फिरवायचंच नसेल तर मधला मार्ग आहे: ऑफिसातल्या संगणकावर 'काटा' नावाचं साधं लोकल खातं काढा, ॲडमिनचे अधिकार देऊ नका. फोल्डरच्या शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही ठिकाणी त्याला परवानगी द्या आणि काट्यावर तेच नाव-पासवर्ड भरा. मग मालकाचं खातं कितीही वेळा बदलो, पावती अडत नाही. मालकाचं लॉगिन लोकल असलं तरी मी हे वेगळं खातं काढायलाच सांगेन.

सॉफ्टवेअर टाकल्यावर खात्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसणं हा निराळा मामला. जुन्या एनव्हिडिया ड्रायव्हरबरोबर 'अपडेटसयुजर' यायचं, एक्सपीवर डॉटनेट टाकलं की 'एएसपीनेट'. 'नेट युजर' ही कमांड दिली की 'डिफॉल्टअकाउंट' आणि 'डब्ल्यूडॅगयुटिलिटीअकाउंट' दिसतील. ही विंडोजची स्वतःची, बंद असलेली खाती आहेत. व्हायरस समजून उडवायला जाऊ नका. यापैकी काहीच नसलेलं नाव ॲडमिनिस्ट्रेटर्स गटात दिसलं, तर मात्र कुणी, कधी आणि कशासाठी काढलं ते विचारल्याशिवाय त्या संगणकावर बँकेचं काम करू नका.