ऊसतोडीच्या गावातील शाळा आणि तिची समाजमाध्यमे : एका पालकाचे परीक्षण

बीड जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे फेसबुक पेज, व्हॉट्सॲप चॅनेल आणि इयत्तावार पालकगट यांचे हे परीक्षण आहे. माझी पुतणी या शाळेत शिकते. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोपर्यंत तिचा पालक मीच असतो. शाळा लहान असल्याने शाळेचे नाव घेतले तर मुलेही सहज ओळखू येतील, म्हणून ते येथे टाळले आहे.

ज्या गावातील निम्म्याहून अधिक पालक हंगामात कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, असतात, त्या गावातील शाळेने समाजमाध्यमांवर काय टाकावे, हा प्रश्न शहरातील शाळेपेक्षा वेगळा आहे. आमच्या शिक्षकांनी तो नेमका ओळखला, हे या कामाचे सर्वांत मोठे यश मला वाटते. पालकांपैकी अनेकांना लांबलचक मजकूर वाचणे जड जाते, फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतावर, मोबाइल चार्ज करण्याची सोय बेताची असते आणि पहाटे फडात गेलेले जोडपे कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतते तेव्हा रात्र झालेली असते. त्यामुळे शाळा चित्रफितींवर भर न देता मुलांच्या आवाजातील छोटे ध्वनिसंदेश पाठवते. आज वाचलेला धडा, पाठ झालेली कविता, मधल्या सुट्टीतील खिचडी कशी होती, इतकेच त्यात असते. पण कर्नाटकातील एखाद्या फडावर बसलेल्या आईला आपले मूल अडखळत का होईना स्वतः वाचू लागले आहे, हे त्यातून कळते. गुणपत्रकातून ते कळले नसते.

यात एक बारकावा शिक्षकांनी सांभाळला आहे आणि तो इतर शाळांनी जरूर पाहावा. चॅनेलचा दुवा ज्याच्याकडे असेल तो कोणीही त्यावरचा मजकूर पाहू शकतो. मात्र तेथे अनुसरण करणाऱ्यांना एकमेकांचे मोबाइल क्रमांक दिसत नाहीत. गटाचे उलट असते : बाहेरच्याला प्रवेश नसतो, पण आतल्या सर्वांना सर्वांचे क्रमांक दिसतात. म्हणून सुट्ट्या, परीक्षा, लसीकरण, प्रवेशोत्सव यांच्या सूचना चॅनेलवर येतात आणि मुलांचे आवाज केवळ त्या त्या इयत्तेच्या गटात जातात. महिला पालकांना गटात घेण्यापूर्वी शाळा त्यांना विचारते, आणि ज्यांना आपला क्रमांक गटात नको आहे त्यांना वर्गशिक्षिका संदेश वेगळा पाठवतात.

फेसबुक पेजवरील गावाच्या गोष्टी हा या उपक्रमातील मला सर्वाधिक आवडलेला भाग आहे. वरच्या वर्गातील मुले गावातील वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारतात आणि शिक्षक ते चित्रित करतात. १९७२ च्या दुष्काळावरील भाग मी अनेकांना आवर्जून दाखवला आहे. आमचा पाझर तलाव त्या वेळच्या दुष्काळी कामातून उभा राहिला. त्या कामावर माती वाहिलेल्या आजींनी मिळणाऱ्या सुकडीची (दुष्काळात वाटलेल्या पौष्टिक खाऊची) चव, मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरी आणि तान्हे मूल झोळीत टाकून केलेली मजुरी यांविषयी जे सांगितले आहे, ते ऐकल्यावर मुलांना रोजच्या वाटेवरचा तो बांध कोणाच्या कष्टाचा आहे हे उमगले. प्रसिद्ध करण्यापूर्वी प्रत्येक चित्रफीत सांगणाऱ्याच्या घरी नेऊन दाखवली जाते. एका आजोबांना मुकादमाच्या उचलीविषयी (मजूर पुरवणाऱ्याकडून हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेविषयी) आपण बोललेला भाग नंतर नकोसा वाटला. शिक्षकांनी तो काढला आणि मगच चित्रफीत टाकली. लोकांकडून गोष्ट घेताना इतका आदर दाखवणारी संस्था मी क्वचितच पाहिली आहे.

हाच आदर मुलांविषयीच्या मजकुरात मात्र कमी पडतो. वह्यावाटपाच्या छायाचित्रांत देणगीदार मध्यभागी आणि वह्या छातीशी धरलेली मुले रांगेत, ही मांडणी अजूनही चालू आहे. शिष्यवृत्ती परीक्षेतील यशाच्या बातमीत मुलीचे छायाचित्र, पूर्ण नाव, गुण आणि ‘ऊसतोड मजुराची मुलगी’ हा मथळा एकत्र आले. तिच्या आईने फोनवर मला विचारले, ‘बाकीच्यांच्या पोरांच्या फोटोखाली बापाचा धंदा लिहितेत का?’ ऊसतोडीत लाज वाटावी असे काही नाही. आईचा आक्षेप असा होता की मुलीचे यश सांगताना तिच्या कष्टांऐवजी आईबापांची गरिबीच पुढे केली गेली.

याहून गंभीर बाब हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांच्या गावातच होणाऱ्या सोयीच्या, नोंदींची आहे. कोणत्या मुलींचे आईवडील गावात नाहीत आणि त्या आजीआजोबांकडे राहतात, हे गावाच्या नावासह आणि छायाचित्रासह सार्वजनिक पानावर दिसणे थेट मुलींच्या सुरक्षेशी निगडित आहे. अशा नोंदी तातडीने काढून टाकायला हव्यात. वरिष्ठ कार्यालयाला छायाचित्रे हवी असतील तर ती अहवालासोबत पाठवता येतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षितो. आमच्याकडे मात्र प्रवेशाच्या वेळी एकाच अर्जावर सरसकट अंगठा किंवा सही घेतली जाते. कोणते छायाचित्र, कोठे आणि किती काळ राहणार, हे पालकांना तोंडी समजावून सांगितल्याशिवाय ती संमती मला पुरेशी वाटत नाही.

दुसरी अडचण व्यवस्थेची आहे. पेज एका शिक्षकाच्या खासगी खात्यावरून चालते आणि चॅनेलही त्यांच्याच क्रमांकावर आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि त्यांच्यासोबत हा सारा ठेवा शाळेच्या हातून निसटू शकतो. शाळेच्या नावाचा ईमेल, किमान दोन प्रशासक आणि मूळ चित्रफितींची शाळेच्या संगणकावर वेगळी प्रत, एवढे या वर्षीच व्हावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांना असतात. दुसरा प्रशासक या समितीतून निवडला, तर काय टाकावे याचा निर्णयही एकट्या शिक्षकावर राहणार नाही.

स्नेहसंमेलनाच्या तासन्‌तास लांबीच्या चित्रफितींविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. त्या गावातच पाहिल्या जातात. गटांतील ध्वनिसंदेश आणि गावाच्या गोष्टी यांसाठी मी या शाळेची कोणाही पालकाकडे मनापासून शिफारस करीन. मुलांच्या छायाचित्रांचा विषय समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा, असे लेखी पत्र मी मुख्याध्यापकांना दिले आहे. ही बैठक पालक फडावर जाण्याआधी, दसऱ्यापूर्वीच घ्यावी, अशी विनंतीही त्यात केली आहे.