कापडाचं विमान कापडासारखंच दिसायला हवं : एडुआर्डचं १/४८ एस.ई.५ए

मी इचलकरंजीत सायझिंगमध्ये सव्वीस वर्षं काम करतोय. सुताला खळ लावायची आणि ते मागाचा मार सोसेल असं करायचं, हे माझं रोजचं काम. पहिल्या महायुद्धातली विमानं कापडाची होती हे कळलं, तेव्हापासून त्यांनी मला धरून ठेवलंय. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं लिनन आणि वरून डोप नावाचं रसायन. हे डोप वाळताना आकसतं आणि कापडाला ढोलाच्या पानासारखं ताठ करतं. वाळत्या कापडाचा ताण हाताला ओळखीचा असल्यामुळे एस.ई.५ए या त्या काळच्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल बनवायचंच, असं मी कधीचं ठरवलं होतं.

दुसरं कारण इंद्रलाल रॉय. कोलकात्याचा मुलगा. जुलै १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून याच जातीच्या विमानात बसून त्याने १३ दिवसांत १० हवाई विजय नोंदवले आणि २२ जुलैला फ्रान्समध्ये मारला गेला. वय १९. माझा धाकटा आत्ता तेवढाच आहे.

मी घेतला तो चेक कंपनी एडुआर्डचा प्रोफीपॅक नावाचा, सुट्या भागांचा संच, १/४८ मधला, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढा, वोल्स्ली वायपर इंजिनवाला. मुंबईच्या एका दुकानाकडून मागवला. त्यांनी डबा नुसत्या पातळ पिशवीत घालून पाठवला, त्यामुळे पंखांमधला एक खांब मोडून आला. तो मी चिकटवून घेतला, पण कुरिअरने मागवणाऱ्यांनी दुकानदाराला पुठ्ठ्याची पेटी करून पाठवायला आधीच सांगावं.

डबा उघडल्यावर मी पहिल्यांदा वरचा पंख उजेडात तिरका धरला. पंखाच्या आतल्या फासळ्या आणि त्यांच्यावर चिकटवलेल्या कापडी पट्ट्या इतक्या हलक्या हाताने उठवल्यात, की आधी नखाला लागतात आणि मग डोळ्याला दिसतात. दोन फासळ्यांच्या मध्ये कापड किंचित दबलेलं आहे, आणि ते अगदी बरोबर आहे. जुन्या काही संचांत कापड दाखवायचं म्हणून वीण कोरलेली असते आणि पंख गोणपाटासारखा दिसतो. १/४८ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे जवळपास पाच सेंटिमीटर. एवढ्या अंतरात लिननचे कितीतरी धागे बसतात, ते दिसतील कसे? इथे वीण कोरलेली नाही. माझ्या लेखी एवढ्यावरच या संचाचे निम्मे पैसे वसूल झाले.

कॉकपिटवर फार लिहीत नाही. रंगवून आलेले पातळ पत्र्याचे आसनाचे पट्टे आणि घड्याळं सुरेख आहेत, पण बसवायला चिमटा आणि श्वास दोन्ही स्थिर लागतात. वरच्या पंखावरची लुईस बंदूक मात्र मन लावून करा. ती ज्या वळणदार रुळावर बसते, त्याला फॉस्टर माउंट म्हणतात. वैमानिक त्या रुळावरून बंदूक खाली ओढून गोळ्यांची थाळी बदलायचा, शिवाय तिथूनच वरच्या विमानावर झाडायचा. तो रूळ वाकडा बसला तर सगळं विमानच वाकडं वाटतं.

आता रंग आणि जुनेपणा. हा संच मी मुख्यतः यासाठीच घेतला होता. दुसऱ्या महायुद्धाची विमानं करणारे आपले बरेच जण सवयीने पंखांच्या कडांवर चंदेरी ओरखडे मारतात. त्या विमानांना पत्रा होता, म्हणून रंग उडाला की ॲल्युमिनियम दिसायचं. एस.ई.५ए च्या पंखावर रंगाखाली लिनन आहे. तिथे चंदेरी ओरखडा म्हणजे सरळ सरळ चूक. कापड मळतं, डाग पितं, उन्हाने विटतं आणि ठिगळ लागलं की तेवढाच चौकोन नवा दिसतो. मी चंदेरी पेन्सिल फक्त इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणांना लावली, तीही कडांना आणि खिळ्यांपाशी.

वरच्या बाजूचा रंग पीसी १०. त्यात पिवळी माती आणि काजळी असायची आणि त्याचं खरं काम लिननला उन्हापासून वाचवणं हे होतं. म्हणून पंखांचं पोट साध्या पारदर्शक डोपचं, सायीच्या रंगाचं. पीसी १० हिरवट की तपकिरी यावर लोक भांडतात. माझ्या मते दोन्ही खरं आहे, कारण रंगाचा प्रत्येक घाणा वेगळा उतरतो हे मी रोज बघतो. मी तामिया कंपनीच्या ऑलिव्ह ड्रॅब या मळकट हिरव्या रंगामध्ये लालसर तपकिरी मिसळला, अगदी पातळ करून चार हात दिले. फासळ्यांवर एक मिलिमीटरच्या टेपच्या पट्ट्या लावल्या आणि मधल्या जागेत तोच रंग थोडा पिवळट करून नुसता धुक्यासारखा मारला. टेप काढल्यावर पंख एकदम ताणल्यासारखा दिसला. त्या रात्री मी तो पंख तीनदा उठून पाहिला.

तेलाच्या डागांचंही तसंच. सॉपविथ कॅमलसारख्या विमानांचं इंजिन स्वतःच गरगर फिरायचं आणि जळकं एरंडेल मागे उडवायचं, म्हणून त्यांचं पोट तेलकट दाखवतात. एस.ई.५ए चं इंजिन जागेवर बसलेलं, व्ही आकाराचं, आठ सिलिंडरचं. त्याला एरंडेलाने न्हाऊ घालू नका. याच्या दोन्ही अंगांनी धुराड्याचे लांब नळ मागे जातात. त्यांच्या तोंडापासून शेपटीकडे काजळीचा पट्टा हवा. तो मी खडूच्या काळ्या-तपकिरी पुडीने, मऊ ब्रशने ओढला. वैमानिक चढताना खालच्या पंखाच्या मुळाशी पाय देतो, तिथे बुटांची फिकट धूळ. बाकी अंगावर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी तैलरंगाचे बारीक ठिपके देऊन ते वाऱ्याच्या दिशेने पुसत नेले. इथे थांबलो. आघाडीवरची विमानं रोज निगुतीने सांभाळली जायची, ती भंगारासारखी दाखवणं मला पटत नाही.

तारा. संचात तारांचा आराखडा मिळतो, दोरी मिळत नाही. मूळ विमानाच्या पंखांमधल्या तारा गोल नव्हत्या, हवा कापायला चपट्या घडवलेल्या होत्या, म्हणून मी चपटी लवचीक दोरी घेतली. गोल नायलॉन फक्त शेपटीकडे जाणाऱ्या दोऱ्यांना. वरचा पंख चिकटवण्याआधी सगळी भोकं ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडून ठेवा, नंतर हात आत जात नाही. दोन पंख समांतर धरायला मी सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन कापून टेकू केले. माझे वडील तीस वर्षं वहिफणीला होते, फणीच्या एकेका घरातून एकेक धागा ओवायचे. आता डोळ्यांनी अधू आहेत. पण मी कोणत्या क्रमाने ओवतोय ते विचारून म्हणाले, "आतून बाहेर ये बाळ, नाहीतर स्वतःचाच हात आडवा येईल." मी उलटं चाललो होतो. सगळं सोडून पुन्हा आतून सुरू केलं आणि दोन संध्याकाळी पुरल्या.

पहिलंच मॉडेल करणाऱ्याने हा संच घेऊ नये. एक-दोन साधी विमानं हातावेगळी झाली असतील तर जरूर घ्यावा. पावसाळ्यात शेवटचं वॉर्निश मारू नका. दमट हवेत ते पांढरं पडतं, आणि आमच्या गावात ओल्या वॉर्निशवर सुताची तुसंही बसतात. माझं विमान म्हणून दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेपर्यंत वॉर्निशविना, उलट्या पातेल्याखाली थांबलं होतं.