मान धरलीय: कायरोप्रॅक्टर की व्यायाम?

सकाळी उठावं तर मान डावीकडे वळेचना. मागून कुणी हाक मारली की अख्खं धड फिरवायचं, चूळ भरायला वाकतानाही कळ. अशा वेळी सल्ला देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "कायरोप्रॅक्टरकडे (म्हणजे हाताने मणक्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे) जा, कट्ट करून देईल, मोकळा होशील." दुसरा म्हणतो, "ते असलं काही करू नकोस, फिजिओकडून व्यायाम शिकून घे." मी वेगवेगळ्या वेळी दोघांचंही ऐकलंय. माझ्या मते भांडण चुकीच्या जागी चाललंय. कुणाकडे जायचं हे मान कशामुळे दुखतेय यावर ठरतं आणि तेच आपण सगळ्यात शेवटी विचारतो.

नेमकं दुखतंय काय?

पाचेक किलोचं डोकं मानेतल्या 7 मणक्यांवर तोललेलं असतं. मणक्यांच्या मधे चकत्या, मागच्या बाजूला छोटे सांधे, भोवती स्नायूंचे थर. रात्रीतून धरलेली मान बहुतेक वेळा त्या छोट्या सांध्यांची आणि आखडलेल्या स्नायूंची करामत असते. मानेच्या वरच्या मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाणारा एक स्नायू यात हमखास सापडतो. फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात बोट रुतवलं की "आई गं" निघतं, तोच तो. अशी मान बहुधा काही दिवसांत, फार तर एकदोन आठवड्यांत आपोआप सैल होते. (त्याच सुमाराला तुम्ही जे काही करत असाल, त्याला श्रेय मिळतं.)

महिनोन्महिने कुरकुरणाऱ्या मानेची गोष्ट वेगळी. तासन् तास एकाच स्थितीत बसणं, अपुरी झोप, मनावरचा ताण आणि दमदार नसलेले स्नायू असं सगळं मिळून ती दुखते. मोबाईलवर खापर फोडणं सोपं असतं. 2014 मध्ये एका अमेरिकी सर्जनने गणित मांडलं होतं, की मान 60 अंश झुकवली तर तिच्यावर 27 किलोंचा भार येतो. आकडा घरोघरी पोचला, पण ते मॉडेलवरचं गणित होतं, दुखणाऱ्या माणसांची पाहणी नव्हे. माझा अनुभव असा, की वाकून बसण्यापेक्षा न हलता बसणं जास्त नडतं.

तिसरा प्रकार नस दबण्याचा. यात मानेपेक्षा हात जास्त बोलतो: कळ खांद्यातून खाली उतरते, मुंग्या येतात. मणके 7 असले तरी मानेतून नसांच्या 8 जोड्या निघतात. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर बहुधा सहावी, मधल्या बोटाकडे असतील तर सातवी, करंगळीकडे असतील तर आठवी.

एमआरआयच्या रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' वाचून मात्र लगेच हातपाय गाळू नका. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या 1,211 जणांचे एमआरआय काढले होते. 2015 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात 87.6 टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या.

टेबलावर काय होतं

तुम्ही उताणे झोपता. कायरोप्रॅक्टर डोक्याशी बसतो, दोन्ही तळव्यांत कवटीचा मागचा भाग धरतो, मान हळूच एका बाजूला कलती करून थोडी वळवतो. "श्वास सोडा." तुम्ही सोडता आणि त्याच क्षणी छोटासा, झटपट झटका. कानाजवळ कट्ट. मला पहिल्यांदा वाटलं, गेलो! दुसऱ्या क्षणी मान इतकी हलकी झाली, की मी उठून उगाच दोन्हीकडे बघत बसलो.

तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. 2015 मध्ये कॅनडात बोटांचे सांधे एमआरआयमध्ये ओढून हे चित्रित केलं गेलं. म्हणून "मणका सरकला होता, बसवला" असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, पण त्यावर पुढचे निर्णय बांधू नका. ही भाषा जुनी आहे. 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबून त्याला ऐकू आणल्याचा दावा केला, तिथून ही विद्या सुरू झाली. आजचे समंजस कायरोप्रॅक्टर बहिरेपणाच्या वाटेला जात नाहीत. मान, कंबर, डोकेदुखी एवढ्यावर राहतात आणि व्यायामही शिकवतात.

मग आराम खरा की भास? खराच, पण थोड्या काळाचा. झटक्यानंतर काही काळ स्नायू सैलावतात आणि वेदनेची जाणीव कमी होते. माझी ती हलकी मान चौथ्या दिवशी परत जड झाली होती. एकदोन दिवस अंग ठणकणंही नेहमीचं.

आणि भिंतीशी उभं राहून

फिजिओने दिलेला व्यायाम बघितला तर हसू येतं. उताणं झोपायचं, डोकं न उचलता "हो" म्हणतो तशी हनुवटी किंचित आत घ्यायची, 10 सेकंद धरायचं, असं 10 वेळा. दुसरा भिंतीला पाठ टेकून, हनुवटी मागे सरकवायचा. यात कसला व्यायाम, असं म्हणत मी सुरू केलं आणि सातव्या वेळेला गळ्यापुढचे स्नायू थरथरायला लागले. हेच आतले स्नायू मान सावरतात आणि बऱ्याच दुखऱ्या मानांत ते आळसावलेले असतात.

गैरसोय एकच, पण मोठी: फरक दिसायला आठवडे लागतात आणि तोवर कंटाळा येतो.

दोघांना समोरासमोर बसवणारा एक अभ्यास आहे. 2012 मध्ये अमेरिकेत 2 ते 12 आठवडे मान दुखत असलेल्या 272 जणांचे तीन गट केले. एकाला औषधं, एकाला मणक्यांवरचे हातोपचार (कायरोप्रॅक्टरचा झटका त्यातलाच), एकाला तासातासाच्या दोन भेटींत शिकवलेले घरचे व्यायाम. 12 आठवड्यांनी हातोपचार औषधांपेक्षा सरस ठरले. पण घरच्या घरी व्यायाम करणारेही त्यांच्या जवळपास बरोबरीला होते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. रोज करण्याचा उरक असेल तर व्यायाम. दुखण्यामुळे हनुवटीही हलवता येत नसेल, तर आधी दोनतीन भेटी हातोपचाराच्या आणि मोकळ्या झालेल्या मानेवर लगेच व्यायाम. गळ्यातल्या पट्ट्याचं म्हणाल तर साध्या दुखण्याला तो नकोच, स्नायू आणखी सुस्तावतात.

जोखमीचं पारडं

इथे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणं मानेच्या झटक्यानंतर नोंदलेली आहेत. अत्यंत विरळा. शिवाय अशी चीर आधीच पडली असेल तरी मान दुखते आणि माणूस त्यासाठीच टेबलावर जातो, त्यामुळे दोष झटक्याचा की आधीच्या चिरेचा, यावर वाद आहे. तरी अचानक उठलेली, पूर्वी कधी न अनुभवलेली मानदुखी आणि सोबत चक्कर, दुहेरी दिसणं, बोबडी वळणं, असं असेल तर थेट इस्पितळ गाठा. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनी, संधिवात किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी झटक्याच्या फंदात पडू नये.

हाताची ताकद कमी होणं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, ताप किंवा घटणारं वजन: यातलं काहीही असेल तर कायरोप्रॅक्टरही नको आणि व्यायामही नको, आधी डॉक्टर. मानेसोबत छाती, जबडा किंवा डावा हात दुखत असेल तर हृदय तपासायचं.

पहिल्याच भेटीत एक्स-रे काढून वीसेक बैठकांचं पॅकेज पुढे करणाऱ्याकडून मी उठून आलो होतो. चारपाच भेटींत फरक नसेल तर विसाव्या भेटीत तो कुठून येणार? त्यानंतर दुसरीकडे गेलो तेव्हा टेबलावर चढण्याआधी एकच विचारलं: "झटका न देता, सांधे हळूहळू हलवून करता येईल का?" त्या हळुवार पद्धतीचा गुण झटक्याइतकाच येतो असं अभ्यासांत दिसलंय. समोरच्याने "हो, तसंही करू" म्हटलं आणि हाताच्या मुंग्यांबद्दल, चालू गोळ्यांबद्दल आपणहून विचारलं. तेव्हा मी चप्पल काढली.