कर्ज फिटलं, बोजा मात्र सातबाऱ्यावरच : ई-हक्कचा माझा अनुभव

विहीर आणि पाइपलाइनसाठी आप्पांनी काढलेलं कर्ज आम्ही मार्च 2024 मध्ये फेडलं. रांगड्या कांद्याचे पैसे आले आणि त्याच आठवड्यात शेवटचा हप्ता भरला. घरात पेढे वाटले. पुढे गोठ्यासाठी दुसऱ्या बँकेत गेले, तर तिथल्या साहेबांनी सातबारा माझ्यापुढे सरकवला आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यावर बोट ठेवलं. जुन्या बँकेचा बोजा, म्हणजे जमिनीवरच्या कर्जाची नोंद, जसाच्या तसा.

कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नसतं. बोजा चढताना जसा फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) होतो, तसाच उतरवतानाही व्हावा लागतो आणि त्यासाठी कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र (दाखला) लागतं. ते पत्र मिळवायला मला शाखेत चार खेपा घालाव्या लागल्या. हातात आलं तेव्हा गट नंबर 214 च्या जागी 241. पाचवी खेप. मला याचा खरंच राग आहे. आप्पा त्या काळात नीट जेवतही नव्हते. त्यांनी पूर्वी एका ओळखीच्याकडे पतसंस्थेची वसुली पाहिली होती : सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला, मग जप्ती, मग लिलाव. आपलं फिटलंय हे माहीत असूनही कागदावरचं ते नाव त्यांना झोपू देत नव्हतं.

त्यामानाने ई-हक्क, म्हणजे फेरफारासाठी घरबसल्या अर्ज करायचं सरकारी पोर्टल, फार सरळ निघालं. रात्री जेवणं झाल्यावर बसले. नोंदणी केली, जिल्हा-तालुका-गाव निवडलं, ‘बोजा कमी करणे’ घेतलं, बँकेचा दाखला पीडीएफ करून जोडला. अर्जाचा नंबर लगेच मिळाला. दोन दिवसांनी तलाठी भाऊसाहेबांचा फोन : “ताई, दाखल्यावरचा शिक्का पुसट आलाय, स्वच्छ प्रत द्या.” दिली. मग फेरफार नंबर पडला आणि हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघाली. ती ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते, मी रोज उघडून बघायचे. कुणाची हरकत नव्हती, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. अर्जापासून 23 दिवस लागले.

मी अर्ज भरताना बोजा चढवल्याचा जुना फेरफार नंबर समोर ठेवला होता, त्याचा फार उपयोग झाला. तुमच्या सातबाऱ्यावर एकाच बँकेचे दोन-तीन बोजे असतील (पीककर्जाच्या ई-कराराचा म्हणजे ऑनलाइन करारनाम्याचा वेगळा, विहिरीचा वेगळा), तर दाखल्यात नेमका कोणता फिटला हे फेरफार नंबरासकट लिहून घ्या. शाखेतून बाहेर पडायच्या आधी गट नंबर स्वतः वाचा. माझ्या भावाच्या फ्लॅटची गोष्ट निराळी. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये. शेतकऱ्यालाही असंच संरक्षण हवं, हे मी ठामपणे म्हणते.

मंजुरीनंतर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. बँकेचं नाव कंसात गेलं होतं आणि त्यावर आडवी रेघ होती. आप्पांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “याच्या दोन प्रती काढ.”