दांडिया बाजारातलं पीएफटी (फुफ्फुस-तपासणी) केंद्र: आलेख चोख, उंचीत हयगय

बडोद्यात स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, बऱ्याच ठिकाणी होते, पण बहुतेकांच्या अहवालात सगळ्यांत मोठा आकडा तेवढा छापलेला असतो. दांडिया बाजारातल्या या छोट्या केंद्राच्या अहवालात प्रत्येक प्रयत्नाचा आलेख असतो, आणि 'ए' ते 'एफ' यांपैकी दर्जाचं अक्षरही असतं. आलेख नसतील तर आकडा फुफ्फुसाचा आहे की अर्धवट फुंकण्याचा, हे डॉक्टरांना कळायला मार्गच नसतो.

यंत्राची रोजची तपासणी इथे नीट होते. फिल्टर लावून ३ लिटरची सिरिंज हळू, मध्यम आणि जोरात अशा तिन्ही वेगांनी ढकलतात, आणि प्रत्येक वेळी उत्तर २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत यावं लागतं. एकाच वेगाने तपासलं तर सेन्सरवर ओल किंवा कफ बसल्याने येणारा दोष निसटू शकतो.

केंद्राची खरी ताकद म्हणजे तिथली तंत्रज्ञ ताई. मराठी आजोबांशी मराठीत, बाकीच्यांशी गुजरातीत बोलते आणि आधी स्वतः करून दाखवते. खुर्चीत ताठ बसवून, पाय जमिनीला टेकवून, नाकाला चिमटा लावून ती सांगते: "छाती गच्च भरा, आता फेका! अजून, अजून, अजून... आणि आता जोरात आत ओढा." हे शेवटचं आत ओढणं बऱ्याच ठिकाणी गाळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. सुरुवातीचा श्वास पूर्ण घेतला नसेल तर एफव्हीसी (छाती भरून जोरात बाहेर फेकलेली एकूण हवा) आणि एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) दोन्ही कमी येतात, आलेख मात्र गुळगुळीत दिसतो. फुफ्फुसाचं नसलेलं आकुंचन अहवालात उमटतं. शेवटी आत ओढलेली हवा एफव्हीसीपेक्षा १०० मिली किंवा ५ टक्के, यांतल्या मोठ्या आकड्याहून अधिक भरली, की तो प्रयत्न बाद. याच्या उलट, फुंकणं लवकर थांबवलं तर एफव्हीसी घटते, एफईव्ही१ आणि एफव्हीसीचं गुणोत्तर फुगतं आणि श्वासनलिकांचा अडथळा झाकला जातो. म्हणून शेवटच्या सेकंदात २५ मिलीहून कमी हवा येईपर्यंत, नाहीतर १५ सेकंदांपर्यंत, फुंकत राहायचं. असे तीन चांगले प्रयत्न हवेत, आणि त्यांतल्या दोन सर्वोत्तम आकड्यांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. मोठ्यांचे सहसा आठच प्रयत्न घेतात. त्यापुढे माणूस दमतो आणि आकडे घसरतात.

उंचीच्या बाबतीत मात्र हयगय आहे. ती विचारून लिहितात; अनवाणी उभं करून मोजायला हवी. म्हातारपणी उंची कमी होते, आणि आजोबा तरुणपणची सांगतात. १६५ सेंमीच्या माणसाची उंची ५ सेंमीने जास्त लिहिली तर अपेक्षित एफव्हीसी (तेवढ्या उंचीच्या निरोगी माणसाची धरलेली) साधारण ७ टक्क्यांनी वाढते आणि निरोगी माणूस काठावर येतो. मोजपट्टी भिंतीवर लावलेलीच आहे, ती वापरावी.

दुसरी तक्रार शनिवारच्या गर्दीची. श्वासनलिका उघडणाऱ्या साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) बरोबर देतात, पण नंतर किमान १०, शक्यतो १५ मिनिटं थांबायचं ते पाच-सहा मिनिटांतच पुन्हा फुंकायला बोलावतात. औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्याआधीच 'दमा नाही' असं वाटू शकतं. शनिवार टाळाच.

वेळ ठरवताना फोनवर पंपाबद्दल विचारतात, हे उत्तम. साधा (साल्ब्युटामॉलसारखा) पंप ४ ते ६ तास आधी, लांब परिणामाचे बहुतेक पंप २४ तास, त्यांतलाच टायोट्रोपियमचा ३६ ते ४८ तास आधी बंद. पण हे डॉक्टरांच्या संमतीनेच, आणि धाप लागली तर पंप घ्यायचाच.

मकरपुऱ्याच्या कारखान्यांतून वार्षिक तपासणीला येणाऱ्यांनी अपेक्षित मूल्याच्या टक्क्यांपेक्षा लिटर पाहावेत. अपेक्षित मूल्यं कोणत्या समीकरणाने काढली, हे इथल्या अहवालात लिहिलेलं नसतं, आणि समीकरण बदललं की टक्के बदलतात. निरोगी प्रौढाचं एफईव्ही१ वर्षाला साधारण ३० मिलीने घटतं. दोन प्रयत्नांतच १५० मिलीपर्यंत फरक चालतो, तर एका वर्षातल्या १०० मिलीच्या घसरणीवरून काहीच ठरवता येत नाही. जुने आलेख जपून ठेवा आणि दरवर्षी त्याच यंत्रावर या.

अर्जात अलीकडच्या शस्त्रक्रियेचा रकाना नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झाला नसेल, किंवा पोटाच्या वा छातीच्या ऑपरेशनला चार आठवडे, तर स्वतःहून सांगा आणि पुढची तारीख घ्या.